एका नावात पाच उच्चारस्थाने

लखनौच्या उत्तर भागात जानकीपुरम ही वसाहत आहे. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर येथेच आहे. या वसाहतीचे नाव सावकाश उच्चारल्यास परंपरेने सांगितलेली पाचही उच्चारस्थाने त्यात सापडतात.

फुप्फुसांतून येणारी हवा एकच असते. ती तोंडात कोठे अडते, यावर व्यंजन ठरते. 'जा' म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, म्हणून ज तालव्य. 'न'साठी जिभेचे टोक वरच्या दातांकडे जाते, तो दन्त्य. 'की'मधील क कंठ्य म्हणविला जातो; प्रत्यक्षात जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. लखनौच्या उर्दूत त्याहूनही मागे, पडजिभेपाशी उमटणारा 'क़' आहे, आणि जाणकार तो कटाक्षाने जपतात. 'पु' आणि 'म' ओठ मिटल्याविना निघत नाहीत. उरला 'र'. पाणिनीय परंपरेने त्याला ट, ड यांच्यासह मूर्धन्य मानले. आजच्या उच्चारात जीभ एवढी मागे वळत नाही, ती दातांच्या मुळाशीच कंप पावते.

मराठी वाचकाने 'जानकी' म्हटले तरी ज तालव्यच राहतो. 'जावई' म्हणताना मात्र जिभेचे टोक नकळत दातांच्या मुळाशी येते. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोहोंना लिपी एकच अक्षर देते. भेद केवळ जिभेवर आहे. मराठी शिकणारे हिंदीभाषक येथे हमखास अडखळतात.

अधिक कठीण 'ळ'. प्रमाण हिंदीत तो नाही. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौ येथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनास लोकमान्य टिळक उपस्थित होते. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील लखनौ करार त्याच वेळचा. उत्तरेत मात्र ते 'तिलक' म्हणूनच ओळखले गेले. ट चा त आणि ळ चा ल, दोन्ही ठिकाणी जीभ टाळूवरून दातांकडे सरकली.

हिंदी प्रदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून ळ निसटला, की 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल' एक होऊन जातात. प, म हे वर्ण आरशात पाहून शिकविता येतात. ळ तोंडाच्या आत घडतो. त्यासाठी मुलाला प्रथम 'ल' म्हणावयास सांगावे, मग जिभेचे टोक टाळूवर मागे वळवून तेथून झटकन पुढे आणावयास सांगावे. थोड्या सरावाने ळ उमटू लागतो.