खेड्यांतील परिचारिकेचा अधिकार



पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांतील वरकुट्यासारख्या गांवीं डॉक्टर दूर आणि नर्सबाई जवळ, अशी स्थिति असते. सपाट मुलखांत ५,००० वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र व ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हें सरकारी प्रमाण. एम. बी. बी. एस. डॉक्टर त्या दुसऱ्या ठिकाणीं असतो, उपकेंद्रावर नर्सबाई. तेव्हां दारीं आलेल्या रोग्यासाठीं तिनें स्वतःच्या अधिकारांत काय करावें व कोठें थांबावें, हा प्रश्न किरकोळ नाहीं.

भोर समितीनें १९४६ सालीं हिशेब मांडला, तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर होता. परिचारिका मात्र ४३,००० लोकांमागें एक. वास्तविक हें उलट असावयास हवें होतें. परिचारिका म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचें माणूस, हा समज आपल्या मनांतून अद्याप पुरता गेलेला नाहीं.

जामखेडची हकीकत या बाबतींत विचार करण्याजोगी आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं तेथें काम आरंभिलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो बेत साधला नाहीं. परठिकाणच्या नर्सबाईस गांवानें आपलें मानलें नाहीं. मग गांवच्याच, बहुधा निरक्षर अशा बायांना शिक्षण देण्यांत आलें, आणि नर्सबाई त्यांची शिक्षिका व पाठीराखी झाली. कित्येकांस यांत नर्सबाईचें महत्त्व कमी झालेंसें वाटेल. मला तें वाढलेंसें दिसतें. एका गांवाची चाकरी सुटून अनेक गांवांची देखरेख तिच्याकडे आली.

गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं याच्याही पुढें पाऊल टाकलें. नवजात बालकाचा जंतुदोष ओळखून घरींच जेंटामायसिनचें इंजेक्शन देण्यास त्यांनीं गांवच्या बायांना शिकविलें. अशा गांवांत नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. तरीही मूल रुग्णालयांत नेणें अशक्य असेल तेव्हां तेंच इंजेक्शन देण्याची मोकळीक सरकारी नर्सबाईस केंद्र सरकारकडून मिळाली ती २०१४ सालीं. पंधरा वर्षें! सुई हातीं, विद्या हातीं, आणि आज्ञा मात्र नाहीं.

अधिकार वाढविल्यास चुका होतील, ही डॉक्टरांची भीति अगदींच पोकळ नाहीं. तिला उत्तर म्हणजे मर्यादा लेखी ठरविणें: कोणतें औषध, किती मात्रा, कोणत्या लक्षणावर रोगी पुढें धाडावा. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमूं लागले. बी. एस्सी. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांच्या शिक्षणानंतर हें पद मिळतें. आपल्या राज्यांत आयुर्वेदाचे पदवीधरही त्यावर आहेत. रक्तदाब व मधुमेह तपासणें, डॉक्टरनें ठरविलेल्या गोळ्या पुढें देत राहणें, अडल्यास दुरून डॉक्टरचा सल्ला घेणें, हें त्यांचें काम. मात्र नोंदवह्यांचा भार वाढत गेला, तर रोग्याकडे पाहण्यास वेळ उरत नाहीं; हें शाळामास्तरास कोणी सांगावयास नको.

उसाच्या फडांत मजुरी करणाऱ्या बाईस रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीं दरमहा इंदापुरास जावें लागलें, तर दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन खेपा झाल्या कीं ती गोळ्याच सोडते. त्याच गोळ्या गांवच्या उपकेंद्रांत मिळाल्या, तर दुपारच्या भाकरीच्या सुट्टींत ती जाऊन येते.