रोख्यामागचा हिशेब

समजा, जुन्नरच्या एखाद्या कुळाने सावकाराकडून 50 रुपये घेतले. वर्षाने व्याज मिळवून 70 चा नवा रोखा, पुढच्या वर्षी शंभराचा. खळ्यावरून सावकाराने नेलेल्या धान्याची नोंद कुठेच नाही. कोर्टात मात्र पुरावा म्हणून येई तो शेवटचा रोखा आणि त्याखालचा अंगठा.

12 मे 1875 रोजी सुप्याला लोकांनी असेच रोखे जाळले. चार वर्षांनी, 1879 मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आता न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता पहिल्या मुद्दलापासून हिशेब मांडायचा होता. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले, नादारीचा अर्ज दुय्यम न्यायाधीशाकडे करता येऊ लागला. या कोर्टांवर देखरेखीला विशेष न्यायाधीश नेमला गेला. 1893 मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे यांनी हे पद सांभाळले. शेती, पतपुरवठा आणि उद्योग हे त्यांच्या अभ्यासाचेच विषय. नेमणूक अशी असावी!

आज कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालतात. कायद्याने मुदत 330 दिवसांची. जेट एअरवेजचा खटला मुंबईत जून 2019 मध्ये दाखल झाला आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितले. न्यायाधिकरणातील सदस्यांना अनेकदा या विषयाचे आवश्यक ज्ञान नसते, असे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट म्हटले. 

ताळेबंद वाचता येणारी, बँकेचे कर्ज आणि कारखान्याचा व्यवहार जवळून पाहिलेली माणसे तिथे बसायलाच हवीत. खटला रेंगाळला की यंत्रे गंजतात, कुशल कामगार निघून जातात, कंपनीची किंमत घसरते.

याची झळ नारायणगावपर्यंत पोहोचू शकते. टोमॅटो थेट प्रक्रिया कंपनीला उधारीवर देणारा शेतकरी कायद्याच्या लेखी केवळ माल पुरवणारा. थकबाकी 1 कोटीच्या आत असेल, तर त्याला कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्जच करता येत नाही. मार्च 2020 पर्यंत ही मर्यादा 1 लाख होती. कंपनी मोडीत निघाली, तर आधी कामगार आणि तारण घेतलेल्या बँका. त्याच्या क्रेटचे पैसे त्यांच्या बऱ्याच मागे, उरलेच तर.