घुमट काढला, झोत लांबला

घरातली एखादी चांगली एलईडी विजेरी घ्या. ती लावू नका, बंदच ठेवा आणि काचेचं तोंड आपल्याकडे करून टेबलावर ठेवा. जवळून पाहिलं तर आतल्या चकचकीत वाटीच्या तळाशी एक पिवळा चौकोनी ठिपका दिसतो, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. आता एक डोळा मिटा आणि सरळ रेषेत मागे मागे जा. काही पावलांवर तो पिवळा रंग वाटीत पसरू लागतो आणि आणखी मागे गेलात की अख्खी वाटी पिवळीजर्द होते. ठिपका होता तिथेच असतो, पण वाटीच्या कणाकणात आता त्याचंच प्रतिबिंब दिसत असतं. विजेरी लावल्यावर दूरच्या झाडावर प्रकाश टाकते ती हीच तबकडी, पेटलेली.

झोत किती लांब जाणार याचं सगळं गणित या तबकडीत आहे. ती किती मोठी, आणि तिचा प्रत्येक चौरस मिलिमीटर किती तेजस्वी, या दोनच गोष्टी मोजायच्या. त्यातली दुसरी गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वाटी कितीही गुळगुळीत घासा, पुढे कसलंही भिंग लावा, ही तबकडी मूळ ठिपक्याहून तेजस्वी होऊच शकत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझियुस यांनी १८६४ मध्येच याचं कारण दाखवून दिलं. आरसे आणि भिंगं वापरून एखाद्या वस्तूचं तेज वाढवता आलं असतं, तर तिच्याच प्रकाशाने दुसरी वस्तू तिच्याहून जास्त तापवता आली असती. म्हणजे उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे गेली असती. सूर्यकिरण भिंगाने कितीही गोळा केले तरी काहीही सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापवता येत नाही, ते याचमुळे. उष्णतागतिकीचा एवढा मोठा नियम आपल्या खिशातल्या विजेरीलाही चुकत नाही!

म्हणून खोक्यावर ठळक छापलेल्या लुमेनच्या आकड्यावर विसंबून राहू नये. लुमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश. एका दिशेला तो किती एकवटला आहे, हे सांगतो कॅन्डेलाचा आकडा. २००९ मध्ये अमेरिकेत विजेऱ्यांसाठी एफएल-१ हे मानक आलं. त्यानुसार कॅन्डेलाच्या वर्गमूळाची दुप्पट केली की झोताचा पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर तीव्रता चौपट लागते. शिवाय त्या शेवटच्या टोकाला पोचणारा उजेड असतो ०.२५ लक्स, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात झुडूप आहे की जनावर, हे ओळखू येईलच असं नाही. छापील पल्ल्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवावा.

आता तबकडी मोठी करायची तर वाटी मोठी हवी, आणि विजेरी खिशात मावेनाशी होते. मग उरतो तो ठिपका. इथे हौशी मंडळींनी जी युक्ती काढली तिला तोड नाही. पुष्कळ एलईडींवर पारदर्शक सिलिकॉनचा एक इवलासा घुमट असतो. तो उगाच नसतो. एलईडीच्या घट्ट पदार्थातून प्रकाश सहजासहजी हवेत निसटत नाही, बराचसा आतल्या आत परततो. घुमट त्याला बाहेर पडायला वाट करून देतो. पण घुमट भिंगाचंही काम करतो. त्यातून ठिपका सुमारे दीडपट रुंद दिसतो, म्हणजे क्षेत्रफळात दुपटीच्या आसपास. प्रकाश जास्त, पण तो मोठ्या जागेत पातळ पसरलेला.

मंडळी हा घुमट काढूनच टाकतात. कुणी एलईडी पेट्रोलमध्ये भिजत ठेवून तो सैल करतं, कुणी धारदार ब्लेडने कापतं. काही एलईडींत कडेला केसाहून बारीक तारा असतात. एक जरी तुटली तरी एलईडी गेलाच म्हणून समजा. काम साधलं तर काय होतं? समजा हजार लुमेनचे आठशेच उरले, पण ते आता निम्म्या जागेतून येताहेत. म्हणजे ठिपका १.६ पट तेजस्वी झाला आणि झोताचा पल्ला सव्वापट वाढला. प्रकाश घटला आणि लांबवर पोचला! रंगही जरा पिवळसर होतो. एलईडीचा मूळ प्रकाश निळा असतो; त्यातला आत परतलेला भाग ठिपक्यावरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरात पुन्हा शिरतो आणि पिवळा होऊन बाहेर येतो. पुढे कारखान्यांनीच बिनघुमटाचे एलईडी काढले. क्री कंपनीचा एक्सपी-एल एचआय हा त्यांतलाच.

दुसरी दुरुस्ती विजेरीच्या बुडाशी, सेलखालच्या स्प्रिंगची. अशा विजेरीत बहुधा १८६५० हा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट, आणि जोरात चालणाऱ्या एलईडीला सव्वातीन-साडेतीन व्होल्ट लागतात. मधला फरक अगदीच थोडा. स्प्रिंगचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह ५ ॲम्पिअर धरला तर पाव व्होल्ट स्प्रिंगमध्येच खर्ची पडतो, आणि ती चटका बसेल इतकी तापते. प्रवाह नियंत्रित करणारा साधा ड्रायव्हर असलेल्या विजेरीत स्प्रिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याची लवचीक तार सोल्डर केली की ही गळती जवळजवळ थांबते आणि एलईडीला जास्त प्रवाह मिळतो. सेल मात्र नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा. १८६५० वर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं की तो खोटा समजावा. चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते.

वाढलेल्या प्रवाहाबरोबर उष्णताही वाढते. जुना तापणारा बल्ब आपली उष्णता प्रकाशासोबत पुढे फेकायचा. एलईडीला ते जमत नाही. जोरात चालवला की निम्म्याहून अधिक विजेची उष्णता होते आणि ती पाठीमागूनच काढावी लागते. स्वस्त विजेरीत एलईडीखालच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर विद्युतरोधक थर असतो आणि तो उष्णताही अडवतो. त्याऐवजी एलईडीच्या बुडाला धातू थेट टेकेल अशी तांब्याची चकती बसवतात. एवढं करूनही लहान विजेरी पूर्ण जोरात काही मिनिटांपलीकडे चालत नाही, स्वतःच मंदावते.

आणि रंग. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी लखलखीत निळा एलईडी बनवला, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना, इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना मिळालं. आपल्या विजेरीचा पांढरा प्रकाश म्हणजे हाच निळा आणि फॉस्फरचा पिवळा यांचं मिश्रण. त्यात लाल फार थोडा. प्रकाशाची रंगनिष्ठा सांगणारा सीआरआय हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असते; गडद लाल त्यात धरलेलाच नाही, तो आर-९ म्हणून वेगळा पाहावा लागतो.

रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला बांधावरून जाणाऱ्याने लांब पल्ल्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला खडबडीत वाटीतून येणारा पसरट उजेड हवा, दोन-तीनशे लुमेन पुरतात, आणि एलईडी ९० च्या पुढच्या सीआरआयचा, आर-९ चांगला असलेला निवडावा. त्यात लुमेन थोडे कमी मिळतात, ते खुशाल कमी मिळोत. पाचोळ्यात पडलेल्या घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वाळक्या पानांपासून वेगळे ओळखू यायला हवेत.