पोथीचें छायाचित्र

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत जपलेल्या हस्तलिखितांसारखी एखादी पोथी आमच्या वाचकांच्या घरींही असेल. तिचें पान १० इंच लांब, ४ इंच रुंद धरूं. इंचास ३०० बिंदू घेतल्यास चित्रांत ३६ लक्ष बिंदू होतात; ६०० घेतल्यास दुप्पट नव्हे, चौपट, कारण ते लांबींत व रुंदींतही वाढतात! बिंदूमागें तीन बाइट धरल्यास, संक्षेप न करितां, सेकंदास १० मेगाबिट वेगानें पहिलें चित्र जळगांवास सुमारें ९ सेकंदांत, दुसरें ३५ सेकंदांत पोंचेल. हा विलंब चुकविण्यासाठीं चित्रच लहान करण्याची संवय आम्हांस घातक वाटते. मग अनुस्वार कोणता व कसरीचें छिद्र कोणतें हें कळेनासें होतें, आणि गेलेले बिंदू परत मिळत नाहींत. आप्तांस वाचनापुरती लहान प्रत खुशाल पाठवावी; संग्रहासाठीं मात्र ते ३५ सेकंद थांबावें.