पैसे भरले की खून माफ?

मध्ययुगाच्या सुरुवातीच्या इंग्रज आणि डॅनिश कायद्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “तेव्हा काय, पैसे टाकले की खून माफ!” हे ठासून सांगणाऱ्यांनी ते कायदे बहुधा वाचलेलेच नसतात.

आधी हिशेब पाहा. वेसेक्स राज्यात साध्या शेतकऱ्याच्या जिवाची भरपाई, म्हणजे वेरगिल्ड, 200 शिलिंग होती. तिथला शिलिंग 5 पेनींचा, म्हणजे 1,000 पेनी झाले. दहाव्या शतकात, राजा एथेलस्टनच्या काळातल्या लंडनच्या नियमांत बैलाची किंमत 30 पेनी दिली आहे. म्हणजे एका शेतकऱ्याच्या जिवापोटी 33 बैल! सरदार असेल तर 200. एवढी गुरं कुठल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात असणार? भाऊबंदांना पदरमोड करावी लागे. ही रक्कम मृताच्या घरच्यांना मिळे. राजाचा दंड वेगळा. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सन 600 च्या सुमाराच्या कायद्यात तर 20 शिलिंग उघड्या थडग्यापाशीच द्यायचे आणि पूर्ण भरपाई 40 रात्रींत चुकती करायची, असं कलम आहे. भरपाई थकली की मृताचे नातलग सूड घ्यायला उठत. ते रक्त सांडू नये म्हणूनच ही सगळी व्यवस्था होती.

शिवाय प्रत्येक गुन्हा पैशांनी मिटत नसे. इंग्लंडवर राज्य करणाऱ्या कनूट या डॅनिश राजाच्या कायद्यात घरफोडी, जाळपोळ, उघड चोरी, सिद्ध झालेली गुप्त हत्या आणि धन्याशी द्रोह यांना भरपाईची सोयच नाही. एथेलस्टनने फर्मावलं होतं की 12 वर्षांवरचा चोर 8 पेनींहून जास्त किमतीच्या मालासह रंगेहाथ सापडला तर त्याला जिवंत सोडू नये. लंडनच्या त्याच नियमांत डुकराची किंमत 10 पेनी आहे. म्हणजे एका डुकरापायी जीव जात होता. याला पैशांचं राज्य कसं म्हणायचं?

“रकमा मनाला येतील तशा ठरवत,” हेही खोटं. एथेलबर्टच्या कायद्यात अंगठ्याला 20 शिलिंग, करंगळीला 11, अंगठ्याच्या नखाला 3, असा बारीक विचार आहे.

“डॅनिश लोकांना कायदाच नव्हता.” होता. एकाच गुन्ह्यासाठी इंग्रज ‘विटे’ नावाचा दंड भरत आणि डॅनिश वस्तीच्या मुलखात ‘लाहस्लिट’ भरावा लागे. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डॅनिश राजा गुथ्रम यांच्या तहात तर इंग्रज आणि डॅनिश जिवांची भरपाई सारखीच, 8 अर्धे मार्क शुद्ध सोनं, ठरली होती.

आणि इंग्लंडचा लेखी कायदा 1215 च्या मॅग्ना कार्टापासून सुरू होत नाही. एथेलबर्टचा कायदा त्याहून सहाशे वर्षं जुना आहे. त्याची बाराव्या शतकात रॉचेस्टरला लिहिलेली प्रत आजही शाबूत आहे, भाषांतरंही मिळतात. मत ठोकून देण्याआधी निदान ती वाचा.