१४२८५७ : एक संख्या, तीन ओळखी

दुसरबीडहून बोलतोय. वही-पेन जवळ घ्या, आजची संख्या १४२८५७. हर्षद, कापरेकर, देवळाली हे संख्यांचे तीन प्रकार मांडले देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. आपली संख्या यातल्या कशात बसते?

हर्षद: अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७. भाग पूर्ण गेला. बसली.

कापरेकर: वर्ग येतो २०४०८१२२४४९. तुकडे करून मिळवा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हीसुद्धा बसली!

देवळाली: खरी कसोटी इथे. २१ मध्ये तिचेच अंक मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला जनकच नाही, ती देवळाली. मग लाखभर संख्या तपासायच्या? नाही हो. १४२८५७ ला ९ ने भाग जातो, त्यामुळे जनकाच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीतच हवी. इथवरच्या कुठल्याही संख्येत ती ४९ च्या वर जात नाही. म्हणून फक्त ९, १८, २७, ३६, ४५ वजा करून बघा. १४२८४८ ची बेरीज ९ हवी, येते २७. १४२८३९ ची १८ हवी, येते २७. उरलेल्या तिघींची येते १८, हवी २७, ३६, ४५. एकही जुळत नाही. म्हणजे देवळालीसुद्धा!

‘जनक नाहीच’ हे ठामपणे सांगायला पाच वजाबाक्या पुरल्या. गावातल्या शाळेच्या फळ्यावर मावेल एवढंच काम. आता तुमचा पिनकोड घ्या, आणि तो हर्षद आहे का बघा.