टाकी कोणी रिकामी करायची?

मागच्या व्याख्यानात आपण शुद्धी-अशुद्धीच्या कल्पनेकडे ग्रंथांच्या अंगाने पाहिले. आज तीच कल्पना एका अगदी जमिनीवरच्या उदाहरणात पाहू. उदाहरण अमेरिकेतले आहे. मोटारीमागे जोडून नेतात तो राहण्याचा ट्रेलर, आणि त्यातले सांडपाणी मुक्कामाच्या तळावर रिकामे कसे करतात ते. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले तिकडे आहेत. आईवडील उन्हाळ्यात गेले की असा ट्रेलर भाड्याने घेऊन यलोस्टोन, योसेमिटी दाखवायला नेणारेही त्यांत आहेत. म्हणून आधी काम नीट समजून घेऊ, तत्त्वज्ञान मागाहून येईल. नाही आले तरी काम तर समजलेले असेल!

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तीत पलंग, ओटा, सिंक, शॉवर, संडास, सगळे असते. आणि जमिनीखाली तीन प्रकारच्या टाक्या. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सिंक आणि शॉवरच्या पाण्याची, तिला ते लोक करडे पाणी म्हणतात. तिसरी फक्त संडासाची, ते काळे पाणी. (आपल्याला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. इथे तेवढे भय नाही, पण टाळण्याची इच्छा तेवढीच असते.) मध्यम आकाराच्या ट्रेलरात यातली एकेक टाकी ३० ते ४० गॅलनची असते. ४० गॅलन म्हणजे साधारण १५० लिटर, म्हणजेच दीडशे किलो वजन. दोन टाक्या भरून घाटातून गाडी काढायची म्हणजे चार माणसे जास्तीची बसवल्यासारखे आहे. म्हणून निघण्यापूर्वी टाक्या रिकाम्या करतात.

कुठे? दोन ठिकाणी. काही तळांवर प्रत्येक जागेला पाणी, वीज आणि गटाराची जोडणी असते. राष्ट्रीय उद्यानांत ती चैन क्वचित मिळते. यलोस्टोनमध्ये गटाराची जोडणी असलेला तळ एकच, फिशिंग ब्रिजचा, आणि तिथे अस्वलांमुळे कापडी तंबूंना प्रवेश नाही. योसेमिटीच्या तळांवर तर अशी जोडणी नाहीच. तिथे डंप स्टेशनवर जायचे. म्हणजे काय, तर उतरता काँक्रीटचा ओटा, मध्ये झाकण असलेले भोक, शेजारी धुण्यासाठी नळ, आणि त्या नळावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी. बस्स.

आता काम. हातमोजे घालायचे. टोपण काढण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे पाहायचे. ही पायरी गाळली की काय होते याचे वर्णन आम्ही करणार नाही. मग तीन इंची जाड नळीचे एक टोक ट्रेलरला पिळून बसवायचे, दुसरे भोकात, आणि ते उसळून बाहेर येणार नाही असे पक्के करायचे. आधी काळ्या टाकीचा दांडा ओढायचा. आवाज येतो, तो थांबेपर्यंत उभे राहायचे. शक्य असेल तर संडासातून दोन-तीन बादल्या पाणी ओतून टाकी पुन्हा धुवायची. काळा व्हॉल्व्ह बंद. मगच करडा उघडायचा. हा क्रम का? कारण साबणाचे पाणी मागून आले की तेच नळी आतून धुऊन काढते. उलट केले तर नळीत जे राहते ते तुमच्याबरोबर पुढच्या गावाला येते. शेवटी ट्रेलरकडचे टोक आधी सोडायचे, उचलून धरायचे, नळीतले उरलेसुरले भोकात जाऊ द्यायचे, आणि ओटा धुऊन निघायचे. मागे रांग असते, विशेषतः रविवारी दुपारी जागा सोडण्याच्या वेळेला. हातमोजे शोधायला तिथे सुरुवात करू नये.

एक चूक नवखे लोक हमखास करतात, आणि ती बुद्धिमान माणसाची चूक आहे. गटाराची जोडणी मिळाली की त्यांना वाटते, काळा व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, घरच्यासारखे आपोआप जात राहील. जात राहते ते फक्त पाणी. घट्ट भाग मागे राहतो, सुकतो, आणि संडासाच्या बरोबर खाली त्याचा ढीग उभा राहतो. त्याला तिकडे चक्क पिरॅमिड म्हणतात. तो फोडायला मग फार कष्ट पडतात. उपाय सोपा आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवा, पाणी सढळ वापरा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा. वजनाने आणि वेगाने सगळे वाहून जाते. पण दोन-तृतीयांश भरली हे कळणार कसे? भिंतीवरचे दिवे सांगतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. टाकीच्या आतल्या खिळ्यांना कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. माणसे किती आणि दिवस किती झाले, हा हिशेब जास्त खरा.

इथे थोडे थांबू. घरी आपण असा हिशेब करतो का? साखळी ओढली, संपले. आपण किती पाणी घाण केले याचा आकडा पुण्यातल्या कोणत्याही सुशिक्षित माणसाला ठाऊक नसतो, आम्हालाही नाही. ट्रेलरमध्ये मात्र तिसऱ्या दिवशी मुलगा वडिलांना म्हणतो, बाबा, आंघोळ आवरती घ्या, करडी भरत आली. आंघोळीची मर्यादा आता पाणी किती आले यावर नाही, किती गेले यावर ठरते. हा फरक छोटा नाही.

दुसरी गोष्ट नळ्यांची. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची, मैल्याची वेगळी. त्या एका कप्प्यात ठेवत नाहीत. एकीला लावलेला हात दुसरीला लावत नाहीत. डंप स्टेशनच्या धुण्याच्या नळाला पिण्याची नळी जोडली तर शेजारचा अनोळखी माणूससुद्धा ओरडेल. आमच्या पिढीला यात नवे काही नाही, हे सोवळेच आहे! मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६च्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ मध्ये शुद्धीचा विचार वस्तूपेक्षा व्यवस्थेच्या बाजूने मांडला, ते आपण मागे पाहिले. ट्रेलर म्हणजे त्याची चालती प्रयोगशाळा. अर्थात तिथले सोवळे जंतूंमुळे आहे, नुसत्या मांडणीमुळे नाही.

पण आपल्या सोवळ्यात आणि या सोवळ्यात एक मोठा भेद आहे, आणि आजचे व्याख्यान आम्ही त्यासाठीच योजले. आपल्या घरचे सोवळे एकाचे असे आणि मैला उचलणारा दुसरा असे. तो मागच्या दाराने येई, त्याला शिवायचे नसे. आपली शुद्धी त्याच्या श्रमावर उभी होती, आणि त्या श्रमामुळेच तो अशुद्ध ठरत होता. ट्रेलरमध्ये मागचे दार नाही. जो वापरतो तोच सकाळी हातमोजे घालून दांडा ओढतो. तिथे डॉक्टर, वकील, कंपनीतला मोठा साहेब, सगळे एका रांगेत उभे असतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

हे आपल्याकडे कोणी म्हटलेच नव्हते असे नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला द्या अशी मागणी केली. ती नाकारली गेली. त्यांनी आपले अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरीला अप्पांनी हाताचा स्पर्श न होता मैल्याचे खत व्हावे अशा संडासांवर वर्षानुवर्षे काम केले. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी धरला. काम आपण करायचे, आणि ते करण्याजोगे बनवायचे. नंतर १९९३ चा कायदा आला, २०१३ चा आला. तरी सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसे वायूने गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. टाकी आपली, उतरणारा दुसरा.

अमेरिकेला प्रमाणपत्र देण्याचा आमचा हेतू नाही. भोकाच्या पलीकडे तिथेही कोणीतरी असतोच. तळ शहराच्या गटाराला जोडलेला नसेल तर सगळे सेप्टिक टँकमध्ये जाते, आणि तिथले जिवाणू ते पचवतात. वास मारण्यासाठी टाकीत टाकायच्या काही औषधांत फॉर्माल्डिहाइड असते. ते टाकीतले जंतू मारते आणि तळावरच्या टँकमधलेही. मग तो टँक तुंबतो, आणि तो उपसायला जो येतो तो प्रवासी नसतो. कॅलिफोर्नियात अशी औषधे बंद केली आहेत. एंझाइमवाली मिळतात, ती घ्यावीत. आणि पैशाचेही पाहा. वॉशिंग्टन राज्यात अशा वाहनाच्या नोंदणीबरोबर ३ डॉलर वेगळे घेतात आणि हमरस्त्यावरच्या थांब्यांवरची डंप स्टेशने त्यातून चालवतात. ज्याचा मैला त्याचे तीन डॉलर, हे आम्हाला न्याय्य वाटते.

एक चिठ्ठी आली आहे: “काळ्या पाण्याचे समजले. पण भांडी धुतलेले पाणी झाडाला घातले तर काय बिघडले? आम्ही परसात हेच करतो.” प्रश्न चांगला आहे. परसात एका घराचे पाणी असते आणि केळ ते पिऊन टाकते. तळावर त्याच जागेवर हंगामभर रोज नवे कुटुंब येते. तेलकट पाणी आणि शिते एकाच झाडाखाली साठतात, त्याच्या वासाने उंदीर येतात, माश्या येतात, आणि यलोस्टोनसारख्या ठिकाणी अस्वल येते. म्हणून राष्ट्रीय उद्यानांत करडे पाणीही जमिनीवर सोडायला मनाई आहे. इतर सरकारी जमिनींवर नियम जागेप्रमाणे बदलतात, तिथल्या रेंजरला विचारावे. भांडी धुण्यापूर्वी ताटे कागदाने पुसून घेतली तर करडी टाकीही उशिरा भरते आणि वासही कमी येतो.